एका वेळी एकच सूर

१

त्या संध्याकाळी मी जिंकले, हे आधीच सांगून टाकते. ऐकणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लावायची मला हौस नाही. पण हरवलं कोणाला, ते मला आजही धड सांगता येत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी दात बनवते. दवाखान्यांतून साचे येतात आणि आमच्या लॅबमध्ये आम्ही चौघीजणी त्यांवरून कवळ्या, कॅपा घडवतो. दिवसभर सगळं काम बोटांच्या टोकांवर. एखादा दात केसभर उंच राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, त्यामुळे केसभर म्हणजे किती, हे माझ्या बोटांना पाठ आहे. दुपार कलली की घरी यायचं, नखांत अडकलेलं प्लास्टर घासून काढायचं, चहा टाकायचा आणि कप घेऊन मागच्या खोलीत शिरायचं. त्या खोलीत एका भिंतीला वॉशिंग मशीन आणि समोरच्या भिंतीला माझं टेबल. टेबलावर कॉम्प्युटर, दोन स्पीकर. तिथे बसून मी ट्रान्स बनवते, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत.

लग्नानंतर नवऱ्याला हे प्रकरण समजावून सांगायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती. एकसारखा ठोका चालू असतो, त्यावर सूर चढत जातात. मग ठोका एकदम थांबतो. सूर नुसते हवेत लटकतात. सगळ्यांचा श्वास अडकलेला असताना एक धून येते, आणि तिच्या शेवटी ठोका परत कोसळतो.

"म्हणजे उंच फळीवरून उडी," नवरा म्हणाला. तो पोहायला शिकवतो, त्याला सगळीकडे पाणी दिसतं. पुढे काही वर्षं माझं काम ऐकल्यावर तो हेही म्हणाला, "तू फळीपर्यंत छान चढतेस गं. पण मग जिन्यानं खाली येतेस."

खरंच होतं ते. माझ्याकडे अर्धवट ट्रॅकचा ढीग साठला होता. ठोका थांबायचा, सूर लटकायचे, आणि ती धून काही यायची नाही.

अशात झिपऱ्याचा फोन आला. झिपऱ्या माझा कॉलेजातला मित्र. आता त्याला टक्कल पडलंय, नाव मात्र तेच राहिलं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात तो संगीताची संध्याकाळ भरवत होता.

"सूर्य मावळतानाची वेळ तुला देतो," तो म्हणाला. "पण कॉम्प्युटर आणायचा नाही. जे काय वाजवायचं ते लोकांसमोर, हातानं. ड्रम मशीन माझं वापर. सिंथ तुझा तू आण."

"माझ्याकडे सिंथ नाहीये रे." सिंथ म्हणजे सिंथेसायझर, हवा तो आवाज घडवता येणारा कीबोर्ड.

"मग घे की! जन्मभर माउसनंच वाजवणार आहेस का?"

मी हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर मी खोलीत एकटीच नाचले.

२

वाद्यांच्या त्या दुकानावरून मी शंभरदा गेले असेन, पण काचेच्या बाहेरून. आत गेले ती पहिल्यांदाच. दुकानदाराचा चष्मा कपाळावर होता. पुढे कितीदा तरी गेले, पण तो नाकावर आलेला मी कधी पाहिला नाही.

"पहिलाच सिंथ?"

"पहिलाच."

"मग आधी वाजवायचं काय ते सांगा. लोक मशीन पसंत करून मोकळे होतात आणि मग त्याच्यासाठी गाणं शोधत फिरतात."

"ट्रान्स," मी म्हणाले, आणि या वयात लाजले.

तो लाजला नाही. त्यानं तीन सिंथ समोर मांडले. पहिला लहानसा, जाडजूड नॉबचा. "याचा बेस पोटात ऐकू येतो. पण हा एका वेळी एकच सूर वाजवतो. दहा पट्ट्या दाबा, वाजणार एकच." दुसऱ्याला मोठा पडदा होता, आत हजारभर तयार आवाज. "पण हवा तो आवाज शोधायला पडदा चाळत बसायचं." तिसरा एका वेळी आठ सूर वाजवणारा. त्यावर मी दोन्ही हात ठेवले आणि दुकानातली सगळी काच झणझणली. ट्रान्सला लागतो तोच हा आवाज. एकाच सुराच्या पाच-सात प्रती, प्रत्येक किंचित बेसूर, आणि सगळ्या मिळून भिंत उभी राहिल्यासारख्या. उजव्या हाताशी फिल्टरचा नॉब. डावीकडे फिरवला की आवाज रजईखाली जायचा, उजवीकडे फिरवला की कोणी दार उघडल्यासारखा खोलीभर पसरायचा.

"हाच," मी म्हणाले.

"घरी नेऊन वाजवा. महिनाभरात मन नाही बसलं तर बदलून घेऊन जा."

त्यानं आतून कोरा खोका आणला, माझ्यासमोर चिकटपट्टी कापली, फोम काढला. हे मुद्दाम सांगतेय. माझ्याआधी त्या कीबोर्डला कोणाचंही बोट लागलेलं नव्हतं.

घरी आणून तो टेबलावर मांडला, तेव्हा नवऱ्यानं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "याला पोहायला येतं का?"

३

पहिले काही दिवस सुखाचे गेले. माउसनं रेघा ओढून केलेली गोष्ट आता हाताखाली धडधडत होती. चहा रोज गार व्हायचा.

मग एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. या काकूंनी आमची खुर्ची सरकल्याबद्दलसुद्धा तक्रार केलेली आहे, म्हणून मी आधीच हात जोडले. "काकू, आवाज कमी करते."

"अगं, नको! संध्याकाळची ती तुझी धडधड सोड, तिनं माझं डोकं उठतं. पण सकाळी वाजवतेस ना, माझ्या स्वयंपाकाच्या वेळेला, ते फार गोड असतं. काल तर मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहिले."

"सकाळी मी लॅबमध्ये असते, काकू."

"बरं बाई, असशील," काकू हसल्या. "पण चालू ठेव."

आपलं डोकं लगेच कामाला लागतं. पाइपांतून आवाज कुठल्या कुठे जातो. कोणाचा तरी रेडिओ असेल. काकूंना हल्ली कमी ऐकू येतं. शिवाय नवरा होताच. त्याचं काम तुकड्यातुकड्यांत असतं, मधे घरी येऊन चोरून वाजवत असेल.

"सकाळी मधेच घरी येतोस का रे?" मी जेवताना विचारलं.

"कशाला?"

"सिंथ वाजवायला."

"मला शिट्टी वाजवता येते," तो म्हणाला. "तीही एकाच सुरात."

दुसऱ्या दिवशी मी घरी येऊन कप टेबलावर ठेवला आणि सवयीनं स्टुलावर बसले, तर पाय अधांतरी. आमचं स्टूल फिरवून वरखाली करायचं आहे. मी बुटकी, त्यामुळे ते कायम तळाला बसवलेलं असतं. आता ते पार वर गेलं होतं.

मी नवरा यायची वाट पाहिली. तो आमच्या घरातला सगळ्यात उंच माणूस, दारातून वाकून जातो. त्याला स्टुलावर बसवलं.

त्याचेही पाय जमिनीला टेकले नाहीत.

"हे एवढं वर कशाला केलंस?" त्यानं विचारलं.

४

जुना फोन टॉवेलात गुंडाळून मी वॉशिंग मशीनवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि लॅबला गेले. संध्याकाळी तो घेऊन गच्चीवर बसले. ऊन होतं, वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या, शेजारच्या गच्चीवर कोणीतरी फोनवर भांडत होतं. अशा वेळी माणूस घाबरत नाही, असा माझा हिशोब.

बराच वेळ नुसती खोली ऐकू आली. मग स्टुलाची किरकिर, फिरत फिरत वर जाणारी. मग सिंथच्या बटणाचा खटका.

मग माझाच ट्रॅक. माझे लटकलेले सूर, जिथे मी दर वेळी अडकते ती जागा. तिथे ते, जे काही वाजवत होतं ते, अडकलं. माझी करंगळी जिथे घसरते, तिथेच घसरलं. ते मागे गेलं, परत वाजवलं, परत घसरलं. न कंटाळता, न चिडता, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा. शेवटी करंगळी नीट पडली. आणि मग धून आली.

ती धून मी किती वर्षं शोधत होते. चादरींच्या मागे जाऊन मी रडून घेतलं.

नवऱ्याला ऐकवली, तर तो उभाच राहिला. "अगं, हे तू केलंस?"

"मी नाही केलं."

"पुरे झाला नम्रपणा! बघ, काटा आलाय अंगावर. हीच वाजव तिथे. लोक वेडे होतील."

त्याचा चेहरा इतका फुलला होता की स्टुलाचं काय झालं होतं हे त्याला आठवतही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही आठवायचं नव्हतं. मी त्या रेकॉर्डिंगवरून धून बसवायला लागले.

दोन-चार दिवसांनी लॅबची वीज गेली आणि आम्हाला भर सकाळी घरी सोडलं. मी जिना चढत होते. वरून सूर येत होते, स्वच्छ, मोकळे. काकूंचं दार उघडं होतं. त्या हातात डाव घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, मान वर, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. माझ्या चपलांच्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. मग परत माझ्याकडे. हसू अजून तोंडावरच होतं, ते काढायचं राहून गेलं होतं.

"मग वर कोण आहे?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

मी मनगट सोडवून घेतलं. का वर गेले, माहीत नाही. आपल्याच घरात कोणी आपल्याशिवाय वाजवतंय, ही गोष्ट भीतीपेक्षा जास्त झोंबली असावी. कुलूप बाहेरून लावलेलं होतं, सकाळी मीच लावलेलं. मी ते काढलं, कडी वाजली, तरी सूर थांबले नाहीत. मी पॅसेजमधून चालत गेले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. मी दारावर हात ठेवला, तेव्हा ती ओळ शेवटापर्यंत वाजवून पूर्ण झाली. मगच शांतता झाली.

आत कोणी नव्हतं. खिडकीला जाळी. स्टूल वर. आणि फिल्टरचा नॉब, कोणीतरी नुकतंच बोट काढल्यासारखा, अजून हळूहळू फिरत होता.

नॉब वाऱ्यानं फिरत नाहीत.

५

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, काकूंना साक्षीला बोलावून. तो हसला नाही. त्यानं वायरी ओढून पाहिल्या, कपाट उघडलं, वॉशिंग मशीनच्या आतसुद्धा डोकावला.

"एकदा वाजव माझ्यासमोर," तो म्हणाला.

मी बोट एका पांढऱ्या पट्टीवर नेलं. बोट टेकायच्या आधी पट्टी खाली गेली. केसभर आधी. त्याला दिसलं नाही. माझ्या बोटाला कळलं.

"परत कर हे," तो माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला.

दुकानदारानं सिंथ तपासला, सगळ्या पट्ट्या दाबल्या. "उत्तम आहे. पण तुमचं मन बसलं नाही म्हणता, तर राहिलं." मी पडदावाला घेऊन आले. वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या आवाजाचा. काकूंची आणि माझी आता जिन्यात खुणेची भाषा ठरली होती. त्या नकारार्थी मान हलवायच्या आणि मी सुटकेचा श्वास सोडायची. असे काही दिवस गेले. मग एकदा काकूंनी मान हलवलीच नाही. नुसतं बोट वर केलं.

"तेच?"

"तेच. पण पुढचं."

म्हणजे मशीनमध्ये काही नव्हतं. मग खोलीत असेल. सुट्टीच्या दिवशी मी तो सिंथ लॅबमध्ये नेला. पांढरे दिवे, पांढरी टेबलं, रांगेनं मांडलेले जबडे. तिथे काय येणार? मी पट्टीवर बोट नेलं.

केसभर आधी.

मी बोट मागे घेतलं, तर पट्टी खालीच राहिली. मग शेजारची खाली गेली. मग पलीकडची. ती धून माझ्यासमोर, भर उजेडात, कोणाच्याही हाताशिवाय चालायला लागली, आणि मी जबड्यांच्या रांगेला पाठ टेकून ती पूर्ण ऐकली. इतकी सुंदर होती ती.

म्हणजे खोलीतही नव्हतं. उरले फक्त मी.

"सोडून दे," नवरा त्या संध्याकाळी म्हणाला. "झिपऱ्याला सांग, तब्येत बरी नाही. मशीन परत देऊन टाकू."

"आणि मग? आपण भांडी घासली की तेही भांडी घासायला येईल?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. मला राग आलाय. माझ्या घरात, माझ्या स्टुलावर बसून ते माझीच गोष्ट माझ्याआधी शिकतंय. लोकांसमोर उभी राहून मी ती धून वाजवली, तर वाजवलं कोणी म्हणायचं?"

तो माझ्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "तू इतकी चिडलेली मी पहिल्यांदा बघतोय." त्याच्या आवाजात थोडं कौतुकही होतं.

६

"आता हा पण नको?" दुकानदारानं विचारलं.

"तो लहान द्या. एका वेळी एकच सूर वाजवणारा."

"ताई, ट्रान्सला तो कमी पडेल. भिंत कशी उभी करणार?"

"ड्रम मशीनमध्ये सुरांची भिंत आधीच भरून ठेवीन. मला फक्त धून वाजवायचीय. एक सांगा, दोन पट्ट्या दाबल्या तर वाजते कुठली?"

"शेवटी दाबलेली. नवी दाबली की आधीची गप्प."

"आणि दोघांनी दाबल्या तर?"

"दोघांनी कशाला?" तो म्हणाला. "वाजवणारा एकच असतो."

"तेच ठरवायचंय," मी म्हणाले.

आठ सुरांत दोघांना जागा होती, म्हणून ते माझ्याबरोबर गुपचूप नांदत होतं. आता जागा एकाचीच होती. मी माझी पट्टी दाबायची, ते त्याची दाबायचं, माझा सूर कापला जायचा. मी परत दाबायची. सुरुवातीला मी रोज हरले. मी काय वाजवणार ते त्याला आधीच ठाऊक असायचं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं वाजवायचं.

नवरा वॉशिंग मशीनला टेकून जमिनीवर बसायचा. भीती त्याला वाटायची, ते त्याच्या पायाच्या हलण्यावरून दिसायचं. पण तो उठून गेला नाही. एकदा म्हणाला, "तू सारखी शेजारच्या लेनमध्ये बघतेयस. शर्यतीत शेजारी बघितलं की संपलं. तुझा श्वास, तुझा हात, बास."

"त्याला माझं सगळं आधीच कळतं रे."

"तुला ठरवायला वेळ लागतो म्हणून कळतं. ठरवूच नकोस."

मी डोळे मिटले. बोट कुठे पडणार हे बोटालाच ठरवू दिलं. एक विचित्र सूर लागला, धुनीत न बसणारा, खरखरीत. आणि पट्टी बोटाबरोबरच खाली गेली. आधी नाही.

खोलीत काहीतरी थबकलं. मला तसं वाटलं असेल. पण नवऱ्याचा हलणारा पायही त्याच क्षणी थांबला.

७

बर्फाच्या कारखान्याचं अंगण भरलं होतं. तरुण पोरं, त्यांच्यामागे थोडे आमच्या वयाचे, आणि पहिल्या रांगेत कानात कापूस घातलेल्या काकू. डाव्या हाताला भिंतीच्या वर टेकलेला सूर्य, उजव्या हाताला झिपऱ्यानं ताणून बांधलेली पांढरी ताडपत्री. माझ्या टेबलावर ड्रम मशीन आणि लहान सिंथ. नवरा कडेला उभा. त्यानं शिट्टी गळ्यात घालून आणली होती, काढायची विसरला असावा.

मी उभ्यानं वाजवायचं ठरवलं होतं. ठोका सुरू केला आणि पहिल्या काही क्षणांतच लोकांचे पाय त्यावर पडायला लागले. ठोक्यावर सूर चढवले. लोक पुढे सरकत गेले. इतकी वर्षं जी धडधड एका बंद खोलीत भिंतींना लागून मरत होती, ती शेकडो छात्यांतून माझ्याकडे परत येत होती. मी हसत होते. गाल दुखेपर्यंत.

मग मी ठोका थांबवला. सूर हवेत लटकले. सगळे हात वर.

पट्टी खाली गेली. माझे दोन्ही हात तेव्हा ड्रम मशीनवर होते.

ती धून आली, आजपर्यंतच्यापेक्षा सुंदर. अंगणातून एकच उसासा उठला. कडेला नवऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला, मग त्यानं माझे हात कुठे आहेत ते पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. दुसऱ्या कोणालाच ते दिसत नव्हतं. मी काहीच केलं नसतं, तरी संध्याकाळ माझ्या नावावर जिंकली गेली असती. लोकांनी मला खांद्यावर घेतलं असतं. आणि मी घरी जाऊन पुन्हा कधी वाजवलं नसतं.

मी उजवीकडे पाहिलं. ताडपत्रीवर उन्हानं माझी सावली पाडली होती. बुटकी, पुढे वाकलेली, दोन हात. आणि माझ्या खांद्याच्या वरून, खूप उंचावरून, एक लांबच लांब हात खाली कीबोर्डपर्यंत आला होता. त्याची बोटं कुठे संपत होती ते दिसलं नाही, कारण मी तेवढ्यात नजर काढून घेतली. शेजारच्या लेनमध्ये बघायचं नाही.

मी पट्टी दाबली.

त्याचा सूर कापला गेला. त्यानं दुसरी दाबली, माझा कापला गेला. मी परत दाबली. अंगणाला वाटलं, दोन धुना एकमेकींना सवाल-जवाब करतायत. लोक ओरडायला लागले. मी फिल्टरच्या नॉबला हात घातला, तर तो हलेना. पलीकडून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा, आणि त्या धरण्यात रागाचं काही नव्हतं. नुसतं प्रचंड सराव झालेल्या हाताचं बळ होतं. मी दात आवळले. प्लास्टर घासून घासून माझ्याही बोटांत काही कमी जोर नाही. नॉब केसभर हलला. मग आणखी केसभर. आवाज उघडत गेला.

मग मी ठरवणं सोडलं. कुठला सूर पुढे येणार, मला माहीत नव्हतं, म्हणून कोणालाच माहीत नव्हतं. पाच सुरांची ओळ आली. साधी, थोडी खरखरीत, एका ठिकाणी अडखळणारी. ती याआधी कोणी वाजवलेली नव्हती. मी ती परत वाजवली, आणि दुसऱ्या वेळी जाणवलं की पट्टी माझ्या बोटाखाली शांत पडून आहे, माझी वाट बघतेय. त्याची पट्टी खाली गेली. पण उशिरा. माझ्या बोटाच्या मागून, माझीच ओळ गिरवत.

पहिल्यांदाच ते माझ्या मागे होतं.

मी ठोका परत कोसळू दिला. अंगण एकदम हवेत उडालं. धूळ उठली, काकूंनी कानातला कापूस काढून फेकला, झिपऱ्या डोक्यावर नसलेले केस धरून नाचत होता, आणि नवऱ्यानं शिट्टी तोंडात घालून फुफ्फुसं रिकामी होईस्तोवर वाजवली. मी रडत होते, ओरडत होते आणि वाजवत होते. तिन्ही एकदम करता येतं, हे मला तेव्हा कळलं.

सूर्य भिंतीमागे गेला. ताडपत्रीवर आता काहीच नव्हतं. मी ठोका काढून घेतला, ओळ शेवटची वाजवली आणि शेवटच्या सुरावर दोन्ही हात उचलून लोकांसमोर उंच धरले.

सूर चालू राहिला.

लोक टाळ्या वाजवत होते. मी खाली पाहिलं. ती पट्टी दाबलेलीच होती, हलकेच, जपून, एखादी गोष्ट मोडू नये म्हणून धरावी तशी. सूर माझाच होता, मी निवडलेला. मी त्याला हवा तेवढा वेळ वाजू दिला. मग हात खाली नेला, आवाजाचा नॉब शून्यावर आणला, आणि अंगणाला वाकून नमस्कार केला.